गोजरामायचा दोर

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. आमच्या बोरटेकच्या चर्चला तेव्हा भिंती नव्हत्या, कडुनिंबाखाली उपासना व्हायची, एवढंच मला ठाऊक आहे. कुणी म्हणेल, हे सगळं रचलेलं आहे. म्हणू दे. त्याला एकदा बोरटेकला घेऊन या, मग बघू.

तेव्हा इथे गोजराबाई नावाची एक विधवा दोर वळायची. सगळे तिला गोजरामाय म्हणत. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानांचे धागे, हातातून सोडत मागे मागे जायचं आणि दुसऱ्यानं समोर बसून लाकडी दांडा फिरवत त्याला पीळ द्यायचा. गोजरामाय वाख सोडायची आणि तिचा एकुलता एक मुलगा शमुवेल दांडा फिरवायचा. मायलेकांचा दोर म्हणजे दोर. एकदा पुरात वाहून चाललेलं आख्खं छप्पर त्या दोरानं धरून ठेवलं होतं, असं म्हणतात.

मग एके दिवशी बैलबाजारात एका खोंडावरून भांडण झालं आणि पलीकडच्या वाडीतल्या बहिरूनं शमुवेलच्या डोक्यात काठी घातली. एकच घातली. शमुवेल जागच्या जागी गेला.

हा मुलूख एका जहागीरदाराचा होता आणि त्याची एक रीत होती. खुन्याला फाशी द्यायची, पण फासाचा दोर मेलेल्याच्या घरच्यांनी आणायचा, तोही आठ दिवसांत. तोवर खुन्याला गढीमागच्या पेवात टाकायचं. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला खोल खड्डा. बहिरूला तिथे उतरवलं आणि सगळं बोरटेक गोजरामायच्या दोराची वाट बघायला लागलं.

तिनं दोर वळायला घेतला, तो रागानंच. पण दांड्यावर बसायला कोण होतं? ती वाख दगडाखाली दाबायची, धावत जाऊन दांडा फिरवायची आणि धावत परत यायची. तोवर अर्धा पीळ सुटलेला असायचा. तिचा दीर पेत्रस म्हणाला, "वैनी, सरा. मी बसतो दांड्यावर."

"नको, भावजी. ह्यो दोर माझा मीच वळीन."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिच्या बोटांची सालटी निघाली. ती तशीच उन्हात उभी राहिली, वाख हातात धरून, आणि देवाशी भांडायला लागली. "तुझाबी लेक मारला व्हता त्यांनी! मंग तू काय केलंस? तू वळलास का दोर? सांग की! आता गप का?"

 तेवढ्यात समोरचा दांडा फिरायला लागला.

दांड्यावर कोणी नव्हतं, असं म्हणतात. तरी पलीकडून कुणीतरी पीळ देत होतं, तिच्या सोललेल्या बोटांना काचणार नाही इतक्या बेतानं. आपल्यावर ज्याचा जीव असतो तोच असं सांभाळून फिरवतो. शमुवेलसुद्धा इतकं सांभाळून फिरवत नसे. जन्मात तिच्यावर कुणी एवढी माया केली नव्हती. ती रडत रडत मागे सरकत राहिली आणि दोर वाढत गेला.

मग तिनं विचारलं, "त्या मेल्या बहिरूवरबी तुझा एवढाच जीव हाय व्हय?"

तिला वाटलं, आता तरी दांडा थांबेल. तो थांबला नाही. त्याचा तिला भयंकर राग आला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्यातले काही जण गोष्ट सांगताना तिला इथेच गोड करून टाकतात. ती गोड झाली नाही. ती त्या दांड्याशी दिवस मावळेपर्यंत भांडली आणि हरली.

आठव्या दिवशी गढीसमोर ही गर्दी जमली. जहागीरदारानं विचारलं, "आणलास दोर?"

"आणला."

फाशीच्या झाडाकडे तिनं पाहिलंही नाही. ती सरळ पेवाकडे गेली आणि दोराचं टोक आत सोडलं. "धर रं."

खालून बहिरू ओरडला, "मारायचं तर हितंच मारा मला!"

"मी शमुवेलची आई हाय. धर म्हनते ना!"

जहागीरदार ताडकन उठला. "ए बाई, हा काय तमाशा लावलायस? दोर फाशीचा आहे."

"घरच्यांनी दोर आनावा, ही तुमची रीत. म्या आनला. त्याचं काय करायचं, त्ये तुमच्या रीतीत कुटं हाय?"

"तो माझा गुन्हेगार आहे!"

"लेक माझा गेलाय, सरकार, तुमचा न्हाई. माझ्या घरात एका मानसाची जागा रिकामी झालीया. ती भरून द्या."

शिपायांनी दोरावर तलवारी चालवल्या. तीन तलवारी बोथट झाल्या आणि दोराचा एक तंतू तुटला नाही, असं म्हणतात. त्या काटकुळ्या बाईनं धिप्पाड बहिरूला एकटीनं वर ओढून काढलं. मला विचाराल तर ती एकटी नव्हती. जहागीरदार खाली बसला तो बसलाच. त्यानंतर त्या झाडाला कधी माणूस लटकला नाही.

बोरटेकनं काही तिला हारतुरे घातले नाहीत. पेत्रस वाटेत आडवा उभा राहिला. "वैनी, ह्याला उंबऱ्याच्या आत घेतलं तर तुमचंआमचं नातं तुटलं."

"तुटू द्या. माझं दार काय बंद व्हनार न्हाई. तुमाला वाटंल तवा या."

तिनं बहिरूला शमुवेलच्या जागी दांड्यावर बसवलं. तो दांडा धसमुसळेपणानं फिरवायचा, दोर वेडावाकडा व्हायचा. सगळी वस्ती बघून हसायची. भाकरी ती त्याला आधी वाढायची, पण वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. माया करणं तिला जड जात होतं आणि ती रोज सकाळी उठून करत होती. वर्ष सरल्यावर एक दिवस ती म्हणाली, "जरा हळू फिरीव, लेका."

दांडा तिथेच थांबला. बहिरू तिच्या पायांशी पडून रडत होता. ते बघून पेत्रस आपल्या अंगणातून उठून आला, वाख उचलला आणि बहिरूला म्हणाला, "बस दांड्यावर. उरलेला दोर आपन वळू." इतकं सगळं व्हायला एक वर्ष लागलं होतं.

अजूनही उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना सुटली की बोरटेकचं कुणी सरळ घरी जात नाही. ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे अशी माणसं दोघं-दोघं कडुनिंबाखाली बसतात. एक वाख धरतो, दुसरा दांडा फिरवतो. आम्ही ह्याला गोजरामायच्या दोराला बसणं म्हणतो. बोलायची सक्ती नाही. फक्त दोर नीट झाला पाहिजे, आणि एकानं जरी रागानं हिसका दिला तरी तो बिघडतो. मग त्या जोडीनं पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं.

मागच्या वर्षी मी माझ्या धाकट्या जावेसमोर बसले होते. दोर बिघडला. हिसका मीच दिला होता. यंदा मी पुन्हा बसणार आहे, आणि ती आली नाही तरी बसणार आहे.