उपाशी गोधडी

जिथे घड्याळ कुणाकडेच नव्हतं आणि गुलबक्षी उमलली की संध्याकाळ झाली असं सगळे धरून चालायचे, अशा एका इवल्याशा गावात रंगू नावाची मुलगी राहायची. घर गावाच्या अगदी कडेला. घर कसलं, खोपटंच ते! पण दाराला चिंध्यांचं तोरण बघाल तर बघतच राहाल. लाल, पिवळ्या, पोपटी, मोरपंखी चिंध्या. वारा आला की तोरण अशी फडफड करायचं की येणाऱ्या-जाणाऱ्याला आपोआप कळायचं, इथे शिवून मिळतं बरं का!

रंगूची आई, गोदाबाई, घरीच शिवणकाम करायची. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी आणि गोधड्या. सगळं हातशिलाईचं, आणि ज्याचं त्याच्या बेताचं. कुणी गोधडी सांगायला आलं की ती आधी ढीगभर प्रश्न विचारायची. "बाळ कुशीवर झोपतं की उताणं? लाथा झाडतं का? आजीचं जुनं लुगडं आहे का घरात? धुऊन धुऊन मऊ झालेलं आणा हो. कोरं कापड बाळाशी बोलत नाही." आणि मग टाके असे बारीक घालायची की वाटावं, साखरेच्या वासाने मुंग्यांची रांगच निघालीय.

गोधडी पुरी होत आली की शेवटचा कोपरा मात्र ती उघडा ठेवायची. त्यात भाकरीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि मग कोपरा शिवून टाकायचा.

"गोधडी उपाशी ठेवू नये गं बाई," ती म्हणायची. "जिचं पोट भरलेलं, तीच दुसऱ्याला ऊब देते."

हा घास भरवायचं काम नेहमी आईचंच. रंगू तेव्हा चुलीपाशी असायची.

पण त्या वर्षी थंडी पडली ती अशी पडली, की नदीचं पाणीसुद्धा कुडकुडायला लागलं. गोदाबाई त्या गार पाण्यात लोकांच्या जुन्या साड्या धूत बसली आणि तिच्या उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. तेल चोळलं, शेक दिला, लेप लावला. मूठ काही उघडेना. आता मिटलेल्या मुठीत सुई कशी धरायची? हळूहळू दारात येणारी माणसं कमी झाली. चुलीवरच्या भाकऱ्याही कमी झाल्या.

शेजारच्या सोनाकाकूंच्या नजरेतून काही सुटायचं नाही. त्या कुंपणावरून मान उंच करून विचारायच्या, "काय गं रंगू, आज तुमच्याकडे धूर दिसला नाही तो?"

"निघाला होता काकू. थोडासाच निघाला."

"हं," काकू म्हणायच्या, आणि ओंजळभर शेंगा कुंपणावर ठेवायच्या. "घे. आमच्याकडे उरल्यात. टाकवत नाहीत, म्हणून देते हो."

उरलेल्या शेंगा इतक्या टपोऱ्या नसतात, हे रंगूला कळायचं. पण ती ओंजळ पुढे करायची.

रंगूच्या परसात गुलबक्षीचं दाट रान माजलं होतं आणि त्यात एका शिंपीण पाखराने घरटं करायला घेतलं होतं. हे पाखरू म्हणजे अंगठ्याएवढं, पण चोचीने पानाला पान शिवणारं! रंगूला त्याचं कोण कौतुक! आपल्याकडे दोरा कमी, तरी ती रोज उरलासुरला तुकडा, कापसाचा बोळा गुलबक्षीच्या फांदीवर ठेवायची. "घे गं शिंपिणी," म्हणायची, "तुझं गिऱ्हाईक तर अजून अंड्यातच आहे."

एके दिवशी असाच दोरा ठेवायला ती गेली. ऊन कलतं झालं होतं. एकेक कळी उमलत होती, गुलाबी, पिवळी, पांढरी, ठिपक्याठिपक्यांची. आणि एका ठिपक्यांच्या फुलातून, खरं सांगते, डोळे चोळत, जांभई देत एक परी बाहेर आली! शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाएवढी. पंख माशीच्या पंखासारखे झिरझिरीत, आणि झगा तर त्या फुलाचाच.

"माझ्या शिंपिणीला रोज दोरा ठेवणारी ती तूच ना?" तिने विचारलं. आवाज कसा, तर चांदीची घुंगरं वाटीत पडावीत तसा. "मी झिरमिळी. बोल, तुला काय देऊ?"

रंगूच्या तोंडातून एवढंच निघालं. "आईचा हात..."

"तो मला उघडता येत नाही गं राणी," परी हळूच म्हणाली. "मी दोऱ्याची परी. माझ्याकडे दोराच असतो." तिने आपल्या केसातून एक सोनेरी तंतू काढला. तो चमचम करत रंगूच्या तळहातावर येऊन वेटोळं घालून बसला. "हा दोन विती आहे. एका वितीला एक मागणं. टाके घालताना मनात मागायचं. पण नीट ऐक हं. जे शिवशील ते दुसऱ्यासाठी, आणि मागणंही त्याच्यासाठीच. वापरलेली वीत परत यायची नाही. या दोऱ्याने शिवलेल्याला दुसरा दोरा लागायचा नाही. आणि तुमच्या घरची शिवणाची जी रीत असेल, ती मोडायची नाही."

"नाही मोडणार!" रंगू म्हणाली. तिने लगेच मनात ठरवलं. आईसाठी मऊमऊ हातमोजा शिवायचा आणि मागायचं, आईची मूठ उघडू दे. उरलेल्या वितीचं मग बघू.

पण घरात येते तो काय, खाटेवर पेढेवाल्या भागाबाई बसलेल्या! अंगाने पेढ्यासारख्याच गोल, आणि काखेत जुन्या लुगड्याचं बोचकं.

"गोदाबाई, माझा नातू झोपतच नाही हो! सगळं घर डोळे तांबारून फिरतंय. तुमच्या हातच्या गोधडीत मुलं झोपतात म्हणे. बारशाच्या आत एक द्या." मग त्यांचं लक्ष त्या मिटलेल्या मुठीकडे गेलं. "अगं बाई! राहू दे मग."

"मी शिवीन," रंगू म्हणाली.

"तू? तुझ्या नाकाचा शेंबूड तरी तुला पुसता येतो का?"

रंगूने पटकन नाक पुसलं. "येतो. बाळ कुशीवर झोपतं की उताणं?"

भागाबाईंना हसू फुटलं. "झोपतंच कुठे मेलं, तर सांगू! बरं, शीव. पण नाही झोपलं, तर गोधडी आणून तुमच्याच दारात टाकीन. आणि साऱ्या पेठेत सांगेन."

रंगू बसली शिवायला. भागाबाईंचं अंजिरी लुगडं, आजोबांचं धोतर, सुनेची केशरी ओढणी. आई शेजारी बसून सांगायची, "इथे दुमड घाल, तिथे जरा सैल सोड." एक वीत आईच्या हातमोज्याला राखून, दुसऱ्या वितीने रंगूने शेवटची कड शिवली आणि मनात म्हणाली, बाळाला गाढ झोप लागू दे. तशी सगळी गोधडी झळाळून उठली! अंजिरी रंग द्राक्षासारखा, केशरी रंग उगवतीसारखा. रंगूला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की आई चुलीशी होती तेवढ्यात ती गोधडी कवटाळून पेठेकडे पळतच सुटली.

आणि घास राहिला. शेवटचा कोपरा तिने तसाच शिवून टाकला होता.

बाळ झोपलं हो! पाठ टेकली आणि झोपलं. थाटामाटात बारसं झालं. इकडे रंगू परसात बसून उरलेल्या वितीसाठी आईच्या हातमोज्याचं कापड बेतत होती. तेवढ्यात दारात आरडाओरडा झाला.

भागाबाई! एका हातावर भोकाड पसरलेलं बाळ, आणि दुसऱ्या हातात गोधडी, चावऱ्या मांजराला मानेला धरावं तशी लांब धरलेली.

"ही तुमची गोधडी? अहो, ही खाते! आधी टोपड्याचे गोंडे खाल्ले. मग पातेलंभर घुगऱ्या फस्त. मग पेढ्यांचं ताट! आता माझा पदर चघळतेय. उद्या नातवाचं बोट खाल्लं तर? आणि हिच्याशिवाय हा झोपत नाही, आता करू तरी काय?"

"गुर्रर्र," गोधडी म्हणाली.

कुंपणावर सोनाकाकूंची मान कधीच उंच झाली होती. "पेढेसुद्धा खाल्ले? कंदी होते का?"

रंगूचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, मी तिला घास घातलाच नाही. ती उपाशी आहे."

तिने कोपरा उसवला, भाकरीचा तुकडा आत ठेवला आणि साध्या दोऱ्याने टाका घातला. तट्! दोरा तुटला. पुन्हा घातला. तट्! तुकडा बाहेर. परीने सांगितलंच होतं की, या दोऱ्याने शिवलेल्याला दुसरा दोरा लागायचा नाही.

रंगूने कमरेच्या बटव्यातून सोनेरी वीत काढली. एवढीच उरलेली. समोर आईची मिटलेली मूठ. बाजूला अर्धवट कापलेला हातमोजा. आणि बाळ रडून रडून लालबुंद. मला काय त्याचं, असं म्हणून दार लावून घेतलं असतं, तर तिला कोण विचारणार होतं? पण उपाशी पोटी झोप येत नाही, हे रंगूइतकं कुणाला माहीत होतं?

तिने डोळे पुसले. चुलीपाशी झाकलेल्या ताटातली स्वतःची अर्धी भाकरी उचलली आणि नखाएवढा तुकडा न घेता ती अख्खी अर्धी भाकरी गोधडीच्या कोपऱ्यात सारली. "पोटभर खा गं," ती म्हणाली. "चुकलं माझं." सोनेरी दोऱ्याचा टाका घालता घालता तिने मनात मागितलं, हिचं पोट भरू दे. शेवटच्या टाक्याबरोबर दोरा संपला. बोटांत नुसती सुई उरली.

गोधडीची गुरगुर एकदम थांबली.

"ढ्यँव!" गोधडीने ढेकर दिली.

बाळ रडायचं थांबलं. टकामका बघितलं आणि खुदकन हसलं! भागाबाईही हसल्या, पोट धरधरून हसल्या. गोधडी आता अशी मऊ, अशी उबदार झाली होती, जशी उन्हात पहुडलेली मनीमाऊ. बाळाला तिच्यात गुंडाळलं तसे त्याचे डोळे मिटायला लागले.

"धरा हो जरा, माझा हात अवघडला," म्हणत भागाबाईंनी बाळाचं गाठोडं गोदाबाईच्या मांडीवर दिलं. गोदाबाईने मिटलेली मूठ बाळाच्या पाठीखाली घातली. तशी गोधडी हळूच हलली. तिचा तो शिवलेला कोपरा आपणहून वळला आणि गोदाबाईच्या मुठीभोवती लपेटून बसला. आतली ऊब झिरपू लागली, चुलीतल्या निखाऱ्यासारखी, आईच्या कुशीसारखी.

बाहेर ऊन कललं होतं. परसात गुलबक्षीची पहिली कळी उमलली, आणि इथे करंगळी उघडली. दुसरी कळी, दुसरं बोट. तिसरी, चौथी... आणि मग अंगठासुद्धा!

"रंगू," आई म्हणाली. उघडलेला हात तिने रंगूच्या गालावरून फिरवला.

खिडकीत इवलासा उजेड लुकलुकला. झिरमिळी गुलबक्षीच्या पानावर बसावं तशी रंगूच्या हातातल्या सुईच्या टोकावर येऊन बसली होती.

"तू उघडलास ना आईचा हात?" रंगूने विचारलं.

"मी कुठे गं? माझा दोरा तर संपला," परी गोड हसली. "तू गोधडीला आपल्या तोंडचा घास दिलास. पोट भरलेली गोधडी ऊब देते, हे तुझ्या आईनेच नाही का सांगितलं?" तिने पंख पसरले. गुलाबी, पिवळे, पांढरे कण भिरभिरले, तोरणातली चिंधी न् चिंधी उजळली, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. गुलबक्षीत शिंपीण तेवढी चिवचिवली. घरट्यात पिल्लं आली होती.

दुसऱ्या दिवसापासून गोदाबाईच्या दारात रीघ लागली, कारण भागाबाई पेढ्याच्या पुडीबरोबर ही गोष्टही बांधून द्यायच्या. आई टाके घालते आणि शेवटच्या कोपऱ्यात घास घालायचा मान आता रंगूचा. सोनाकाकू कुंपणावरून रोज आठवण करतात, "घास घातलास ना गं?" रंगू म्हणते, "घातला काकू! आणि भाकरी जास्त झाल्यात. टाकवत नाहीत, म्हणून देते हो!"

गोधडीचं पोट भरलं, बाळाचे डोळे मिटले, आणि ही गोष्टही तिच्याच उबेत शिरून गाढ झोपी गेली.