वेलांटीची जागा

संगणकाच्या जगात मागची दिवाळीसुद्धा आटपाट नगराच्या काळाइतकी जुनी. त्या काळी एका हलवायाच्या वेबसाइटवर ‘मिठाई’ हा शब्द राहत होता. पण वेबसाइट बनवायचा प्रोग्राम जुनाट होता, त्याला मराठीची वळणं कळत नसत. त्यामुळे पहिली वेलांटी ‘म’ला सोडून शेजारच्या ‘ठ’च्या डोक्यावर जाऊन बसे. लोक ‘मठिाई’ वाचून हसत, आणि वेलांटीला वाटे, आपल्यालाच धड बसता येत नाही.

एक दिवस हलवायाने नवा प्रोग्राम आणला. सगळी अक्षरं तिकडे निघाली, वेलांटी मात्र अडून बसली. “इथे ‘ठ’चा आधार तरी आहे. तिथे उघड्यावर पडले तर?”

“माझी मान अवघडली गं बाई,” ‘ठ’ म्हणाला. “चल आता.”

नव्या प्रोग्रामने दारातच विचारलं, “तू कोणाची?”

“‘म’ची,” ती चाचरत म्हणाली. “पण मला नीट बसता येत नाही.”

“बसून तर बघ.”

ती डोळे मिटून बसली, ती अलगद ‘म’च्याच डोक्यावर टेकली. तिचा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे मी वाकडी नव्हतेच,” ती म्हणाली.

“वाकडी तर आहेसच,” ‘म’ म्हणाला. “म्हणून तर माझा ‘मि’ होतो.”