रिबकाची बंद मूठ

ऐका मुलांनो. ऐकताना हात मांडीवर ठेवा, खिशात नको. गोष्टीच्या शेवटी मला ते लागणार आहेत.

हिरव्यागार जंगलाच्या काठावर बकुळवाडी नावाचं गाव होतं. तिथे आठ वर्षांची रिबका आपल्या आईबरोबर राहायची. आई गोधड्या शिवायची. लाल, पोपटी, हळदी चिंध्या जोडून ती अशी गोधडी करायची की पांघरणाऱ्याला रंगीत स्वप्नं पडावीत. पण गेल्या थंडीत आईला ताप आला, आणि जाताना तो तिच्या बोटांतलं बळ घेऊन गेला. बोटं इतकी आखडली की साधी सुई धरवेना. सुई थांबली आणि तांदळाच्या डब्याचा तळ दिसू लागला.

तरी रोज सकाळी चूल पेटवण्याआधी आई म्हणायची, "रिबका, मूठ काढ."

रिबका इवलीशी मूठ भरून तांदूळ बाजूला काढायची. आई डोळे मिटून म्हणायची, "प्रभू, ज्याला आमच्याहून कमी आहे, त्याची ही मूठ." पहिली मूठ दुसऱ्याची, मग आपली चूल, आणि मूठ द्यायची ती हातातून हातात.

पूर्वी गावातल्या सगळ्या घरांत अशी मूठ निघायची. गावच्या पांढऱ्याशुभ्र देवळात, क्रूसाखाली, त्यासाठी एक मोठं मडकं ठेवलेलं होतं. आता त्या मडक्यात एक कोळी राहत होता, आणि चांगला ऐसपैस राहत होता.

असं का झालं? तर बकुळपरीमुळे. तिचा काही दोष नव्हता हं! दरवर्षी बकुळ फुलली की सात दिवस ती बागेत यायची. मोतिया रंगाचा झगा, जांभळे झिरझिरीत पंख आणि केसांत एक चमचमतं चांदणफूल. पहाटेपासून दव सुकेपर्यंत ती मुलांच्या इच्छा पुऱ्या करायची. तिचे नियम दोनच. मागणाऱ्याचे दोन्ही हात रिकामे आणि उघडे हवेत. आणि बागेत कुणाचीही मूठ बंद असली, तर चांदणफूल उमलत नाही, आणि ते उमलल्याशिवाय इच्छा पुरी होत नाही.

झालं! गावाने हात रिकामे ठेवायचा धडाच घेतला. नाओमीला चांदीचे बूट मिळाले. कुणाला सात सुरांत गाणारा पिटुकला बुलबुल मिळाला. नाओमीचे वडील शांतवनकाका देवळाचे पंच होते. ते सगळ्यांना सांगायचे, "आधी मागा, मग द्या." मागणं व्हायचं, देणं तेवढं राहून जायचं. रविवारी मात्र सगळे मोठ्या गळ्याने गाणी म्हणायचे.

एकदा साराआजीने भर देवळात विचारलं, "अरे, मडक्यात कोळी कसा?" त्या दिवसापासून गावाने तिला वाळीत टाकलं. ती बिचारी ओढ्यापलीकडच्या झोपडीत एकटी राहू लागली. रिबकाची मूठ रोज तिच्याकडेच जायची, आणि वाट होती बकुळीच्या बागेतून.

यंदा परी आली त्या पहिल्याच सकाळी रिबका बागेत शिरली, आणि मागायला उभ्या असलेल्या मुलांसमोर चांदणफूल टप्पकन मिटलं.

"छोटुकले," परी हळुवार म्हणाली, "हातात काय आहे ते खाली ठेव आणि इच्छा माग."

रिबकाला काय हवं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आईची बोटं! तिचा जीव नुसता कासावीस झाला. तिने तांदूळ दगडावर ठेवले. ठेवताक्षणी चार चिमण्या भुर्रकन उतरल्या आणि टिपायला लागल्या. रिबकाने झडप घालून उरलेले दाणे गोळा केले आणि मूठ पुन्हा घट्ट मिटली. तिचे डोळे भरून आले.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "हे माझे नाहीत ना!"

ती रडत रडत ओढ्याकडे पळाली. परत आली तोवर दव सुकलं होतं आणि परी गेली होती.

रोज असंच व्हायचं. रिबका बागेत शिरली की फूल मिटायचं, ती पलीकडे गेली की उमलायचं, आणि तेवढ्या वेळात दोन-चार मुलांची इच्छा हुकायची. गाव चिडलं. सातव्या, शेवटच्या दिवशी सगळी माणसं बागेच्या फाटकाशी उभी राहिली.

"बघा हो," शांतवनकाका हसून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिची तर दोन घासांचीसुद्धा नाही!"

सगळे खो खो हसले.

"अगं, इच्छा झाल्यावर जा ना आजीकडे," नाओमी म्हणाली. "तुझ्या आईची बोटंही बरी होतील. आधी मागायचं, मग द्यायचं. त्यात काय वाईट आहे?"

आज परी गेली की वर्षभर येणार नव्हती, आणि डब्यात उद्यापुरतेच तांदूळ होते. पण तिला राग आला. खराखुरा, लालबुंद राग.

"तुम्ही सगळे हेच म्हणालात," ती ओरडली. "आधी मागतो, मग देतो. मग आजीकडे कोण गेलं? सांगा ना! एक जण तरी गेला का?"

"सगळं गाव करतं तसं कर, पोरी," शांतवनकाका दरडावून म्हणाले. "नाहीतर तुमच्याशीही कुणी बोलणार नाही."

"नका बोलू! प्रभू बोलतो आमच्याशी. मी त्याची आहे, गावाची नंतर. ही मूठ मी आजीच्याच हातात उघडणार. परीने सांगितलं तरी इथे नाही उघडणार!"

असं म्हणून ती चिमुरडी त्या एवढ्या मोठ्या माणसांमधून सरळ चालत निघाली. फाटक ओलांडलं, बाग ओलांडली. फूल मिटलं तरी तिने मान वळवली नाही. परीकडे पाहिलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

पण परी तिच्याकडे पाहत होती. मग शंभर वर्षांत कधी केलं नव्हतं ते परीने केलं. तिने बागेबाहेर पाऊल टाकलं.

झोपडीच्या दारात साराआजी बसली होती. रिबका दिसताच तिने हात पुढे केले. रिबकाने त्या सुरकुतलेल्या ओंजळीत मूठ रिती केली. आजीने तिची बोटं क्षणभर धरून ठेवली, कारण दिवसभरात तिला तेवढाच एक हात लागायचा.

"रिबका," मागून आवाज आला, "आता तुझ्या हातांत काय आहे?"

रिबकाने वळून पाहिलं. पिवळ्या कोवळ्या उन्हात परी उभी होती. रिबकाने आपले तळवे पाहिले. दोन्ही उघडे, दोन्ही रिकामे!

परीच्या केसांतल्या चांदणफुलावर दवाचा एक थेंब अजून थरथरत होता. फूल उमललं.

"माझ्या आईची बोटं बरी होऊ देत," रिबका एका दमात म्हणाली.

"होतील, माझ्या राणी. झालीसुद्धा!" परी हसली. "शंभर वर्षं मी रिकामे हात भरत आले. कुणी भरलेला हात रिता करताना आज पहिल्यांदा पाहिला."

"तू आता बागेत परत जाणार?"

"बागेबाहेर आलेल्या परीला परत जाता येत नाही, बाळा. ती उजेड होते. वाईट वाटून घेऊ नकोस, मी माझ्या पायांनी आले आहे."

तिचे जांभळे पंख आधी सोनेरी झाले, मग पांढरे. ओढा लखलखला, पानापानावर ठिणग्या नाचल्या, आणि परी उजेडात मिसळून गेली.

रिबका धावत घरी आली. आई दारात बसली होती. तिच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात लाल दोरा, आणि ती हसत रडत दोरा ओवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिबका मूठ घेऊन निघाली, तर ओढ्याशी नाओमी उभी होती. अनवाणी. चांदीचे बूट काठावर ठेवले होते आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.

"पाण्यात कुठून उतरायचं गं?" तिने विचारलं. "मी इकडे कधी आले नाही ना."

रिबकाने तिचा मोकळा हात धरला, आणि दोघी पाण्यात उतरल्या.

शांतवनकाका अजून म्हणतात, आधी मागा, मग द्या. काही माणसांना वेळ लागतो. देवळातल्या कोळ्याला मात्र आता नवं घर शोधावं लागलं आहे.

मुठीएवढी गोष्ट होती, ती तुमच्या हातावर ठेवली. आता मूठ मिटा, आणि ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याच्या दारी जाऊन उघडा.