सारसाचा दुसरा डोळा

अहो ताई, थांबा, थांबा! ते बटण लावू नका तिथं. तुमचा जीव चांगला आहे, मला कळतं. काड्यापेटीचा रेडिओ दिसला, त्याला बटण नाही असं दिसलं, म्हणून तुम्ही पर्समधून सदऱ्याचं बटण काढलं. पण या चिंचेवर टांगलेल्या कुठल्याच वस्तूचं उणं बाहेरच्या माणसानं भरायचं नसतं. फोटो काढा, हवे तेवढे काढा. हात तेवढा लावू नका.

आधी नीट बघून घ्या. ही अपुरी बोडी. बोडी म्हणजे आमच्याकडे लहान तळं, धानाच्या पाण्यासाठी बांधलेलं. आणि ही पाळीवरची, म्हणजे तळ्याच्या बांधावरची चिंच. तो करवंटीचा तबला बघा, त्याला मधली शाई नाही. साबणाच्या खोक्याची एसटी, बाटलीच्या झाकणांची चाकं, त्यातलं एक चाक नाही. रिकाम्या रिळांची शिलाई मशीन आहे, सुई नाही. चिंध्यांची नवरी आहे, तिच्या नाकात नथ नाही. ज्याला जे आवडतं ते करायचं. विकत काही आणायचं नाही, घरात पडलेलं असेल त्याचंच हातानं घडवायचं. मागे एका शहाण्यानं बाजारातली मोटार आणून टांगली होती. माकडांनी नेली. माकडांनाही कळतं बाप्पा, माणसांना सांगावं लागतं.

मी मंसाराम वलथरे. याच बोडीत मासे धरता धरता म्हातारा झालो. ही गोष्ट मला आज्यानं सांगितली, त्याला त्याच्या आज्यानं. खरं-खोटं मरीमाय जाणे.

फार जुन्या काळी या पाळीखाली गोंदाबाई नावाची विधवा बाई राहायची, आणि तिची एकुलती एक लेक कौतिका. आईचं पोट रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या मजुरीवर. पोरगी मोठी नादी. नाद कसला, तर सारसाचा. सारस जोडीनं या बोडीत उतरायचे, माणसाएवढे उंच, लाल डोक्याचे. कौतिका हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत बसायची आणि घरी येऊन तसेच्या तसे घडवायची. धानाच्या तणशीचं, म्हणजे पेंढ्याचं अंग, तुराटीचे पाय, आईच्या फाटक्या लुगड्याच्या लाल काठाचं डोकं, आणि डोळ्यांना गुंजा. सगळं फुकटातलं! गोंदाबाई करवादायची, "चुलीची तणीस संपवली वो या पोरीनं!" पण शेजारणीला तेच सारस दाखवताना तिचाच ऊर भरून यायचा.

त्या वर्षी रोवणी आटोपली आणि गावात मरीमाय आली. म्हणजे साथ; साथ आणणारी देवीच ती. तेव्हा डॉक्टर नाही, दवाखाना नाही. आज या घरातून माणूस जायचं, उद्या त्या घरातून. असं सांगतात की एका दुपारी मरीमाय कौतिकाच्या उशाशी येऊन बसली. पोरगी तापानं फणफणलेली, पण हातात अर्धा सारस होता. ती म्हणाली, "आजी, एवढा होऊ दे. मग चालते मी." मरीमायला काय वाटलं कोण जाणे. म्हणाली, "होऊ दे बाई. मी बसते."

गोंदाबाईला कुणीच दिसलं नाही. पोरगीच म्हणाली, "माय, पाटावर आजी बसली आहे, तिले पाणी दे." आईनं रिकाम्या पाटापुढे तांब्या ठेवला. थोड्या वेळानं बघते तर तांब्यात थेंब नाही. तेव्हा तिला उमगलं, पाटावर कोण बसलं आहे आणि पोरगी कुणाला 'मग चालते मी' म्हणाली ते. सारस जवळजवळ झाला होता. एक डोळा बसला होता, दुसरी गुंज लावायची तेवढी बाकी होती. गोंदाबाईनं ती गुंज उचलली आणि पदराच्या गाठीला बांधली. दुसरं काय करणार होती ती? वैद्य नाही, नवस बोलावा तर दारात कोंबडी नाही. तिच्या हातात म्हणायला तेवढीच एक गुंज होती.

आणि मरीमाय म्हणे खरंच थांबली. शब्द दिला होता ना. पण नवल तर पुढेच आहे. ती इथं बसून राहिली, म्हणून गावात दुसऱ्या कुणाच्या दारी गेली नाही. खाटेवरची माणसं उठून पेज प्यायला लागली. हळूहळू गावाला उमगलं. पाटील आला, बायका आल्या, कुणी तांदूळ आणले, कुणी सरपण. सगळ्यांनी हात जोडले. "गोंदाबाई, तो डोळा देऊ नको. आमची लेकरं तुह्या पदराले बांधली आहेत." गाव वाईट नव्हतं हो. त्यांच्याही पोटी लेकरं होती.

शेतात धान वाढत गेलं. इकडे कौतिका ना बरी होई, ना सुटे. ताप उतरेना, अन्न ठरेना, नुसती हाडं राहिली. तोंडी एकच. "माय, गुंज दे ना वो. त्याले एकाच बाजूनं दिसते." आई म्हणायची, सापडत नाही. डबीत दुसरी गुंज नव्हती आणि चिंचोका लावायला पोरगी तयार नाही. सारसाचा डोळा लालच असते, हा तिचा हट्ट. दिली तर लेक जाते, न द्यावी तर डोळ्यांदेखत अशी झिजते. वरून साऱ्या गावाची नजर त्या गाठीवर. इकडे आड, तिकडे विहीर, अशी तिची गत झाली. मला तर अजूनही त्या बाईचं वाईट वाटतं.

धान निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, त्या सुमाराला कौतिकानं मागणं सोडलं. सारस छातीशी धरून त्याच्या आंधळ्या बाजूवरून बोट फिरवत पडून राहायची. एका सकाळी आईला म्हणाली, "माय, तुह्या पदरात आहे ना ते? राहू दे. तू रडू नको."

पोरगी मागत होती तोवर आईला नाही म्हणता येत होतं. आता ते जमेना. तिनं गाठ सोडायला घेतली, तर ती इतकी घट्ट बसली होती की दातांनी सोडावी लागली म्हणे. गुंज पोरीच्या तळहातावर ठेवली, डिंकाची वाटी पुढे केली. कौतिकानं डोळा लावला, सारस दाराच्या उजेडाकडे धरून बघितला आणि हसली. "आता झाला," म्हणाली.

गावानं दारं लावून घेतली. आता मरीमाय मोकळी झाली, आता आपली पाळी, म्हणून त्या दिवशी कुणी चूल पेटवली नाही. पण दुसरं कुणी गेलं नाही. एका गुराख्यानं पाहिलं असं सांगतात. एक म्हातारी या पाळीवरून शिवेकडे चालली होती. एका हाताला कौतिका, दुसऱ्या हातात तणशीचा सारस. दोन्ही हात भरलेले, तिसऱ्याला उचलायला तिला हातच उरला नव्हता.

गावानं गोंदाबाईचे पाय धरले. ती जगली तोवर या चिंचेखाली बसून सारस करत राहिली, प्रत्येकाला एकच डोळा.

आजही इथं घरात कुणी खाटेला खिळलं की त्याच्या आवडीची वस्तू करून या चिंचेला टांगतात. त्यातलं एक काहीतरी काढून घरचं माणूस आपल्याजवळ बांधून ठेवतं. आजारी माणूस उठलं, तर ते स्वतः येऊन लावतं. नाही उठलं, तर घरचे येऊन लावतात. ती वरच्या फांदीवरची बघा, पुरी झालेली. त्यातलं कोणतं कुणी पुरं केलं, ते बघून सांगता येत नाही. मलाही येत नाही.

गुण येतो का, म्हणता ताई? मला काय माहीत! डॉक्टरकडे आम्हीही नेतोच, पार नागपूरपर्यंत नेतो. तिथून "आता घरीच ठेवा" म्हणाले, की माणसानं काय करावं? रिकाम्या हातांनी उशाशी बसवत नाही हो.

हा रेडिओ माझ्या बायकोचा. पार्बता तिचं नाव. गाण्यांचा भारी शौक तिला, रोवणीला जायची तरी बांधावर रेडिओ लावून ठेवायची. होळीनंतर तिला नागपूरहून घरी आणलं. काल खाटेवरून विचारते, "रेडिओचं बटण लावलं का जी तुम्ही?" मी म्हटलं, सापडत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं."

तुमचं बटण पर्समध्ये ठेवा, ताई. रेडिओचं बटण हरवलेलं नाही. माझ्या कनवटीला आहे.