फक्कीचा महाल

जुना महाल पाचशे मोहरांत नवा करायचा ठरला होता. वर्ष उलटलं, दोन हजार मोहरा उडाल्या, आणि कुरणगडचं राजघराणं अजून बागेतल्या तंबूतच झोपत होतं.

"वरच्या दीड हजार मोहरा गेल्या कुठे?" महाराज गजसेनांनी दरबाराला विचारलं. दरबारही तंबूतच भरला होता. दिवाणजी तंबूच्या कापडाकडे बघत राहिले. शेवटी भिवाजी गवंड्यानेच त्या खाल्ल्या, असं ठरलं. ठरायला वेळ लागला नाही, कारण तिथे तो एकटाच गवंडी होता आणि बाकी सगळे दरबारी.

भिवाजीच्या पायात बेड्या पडल्या. आठ दिवसांत मोहरा परत आल्या नाहीत तर त्याचं घर जप्त आणि सगळ्या कुटुंबाला राज्याबाहेर हाकलायचं, असा हुकूम सुटला.

दुसऱ्याच दिवशी भिवाजीची मुलगी तानी तंबूच्या दारात उभी राहिली. लहानपणापासून बापाच्या हाताखाली चुना कालवलेली पोर ती. महाराजांना मुजरा करून म्हणाली, "म्हाराज, माझ्या बानं एक छदाम खाल्ला न्हाई. खरा चोर मी धरून देते."

"कसा?"

"त्यासाठी महाल पयल्यापासनं पुन्हा बांधावा लागंल."

महाराजांच्या कपाळाला आठी पडली. "खर्च?"

"दोन पोती फक्की आन् एक केरसुणी."

वर्षभरात महाराजांनी इतका स्वस्त अंदाज ऐकला नव्हता. त्यांनी लगेच होकार दिला. "पण चोर सापडला नाही, तर तूही कोठडीत!"

"चालंल," तानी म्हणाली.

पाया खणण्याआधी गवंडी जमिनीवर चुन्याची पांढरी भुकटी टाकून भिंती आखतात, तीच फक्की. तानीने दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या मैदानावर अख्खा महाल आखला. खोल्या, दारं, जिना, सगळं खऱ्या मापाचं. नकाशा बापाचाच, महाराजांनी पाचशे मोहरांत मंजूर केलेला.

"जोडे भाईर काढा," तिने सगळ्यांना बजावलं. "रेघ म्हंजी भिंत. आत यायचं ते दारातनं."

राणीसाहेब दारातून आल्या. सेनापती पोट सावरत तिरके होऊन आले. दिवाणजींनी तर नसलेल्या चौकटीखाली मान वाकवली. महाराजही दारातूनच आले, पण आत तीन पावलं टाकली आणि थबकले.

"दिवाणखाना इतका अरुंद? ही भिंत चार हात मागे घ्या!" असं म्हणत नेमकी जागा दाखवायला ते भिंतीतून आरपार गेले.

तानीने केरसुणीने जुनी रेघ पुसली, नवी मारली आणि दिवाणजींना म्हणाली, "पाडून पुन्हा बांधायचं काय पडतं, तेवढं लिवून ठेवा."

दिवाणजींनी ऐंशी मोहरा लिहिल्या.

मग शयनगृह पूर्वेला गेलं. ऊन चढल्यावर ते पश्चिमेला आलं. जेवण गरम मिळावं म्हणून मुदपाकखाना जवळ आला आणि धुराचा विचार सुचताच पुन्हा लांब गेला. "अहो, हाच जिना तुम्ही गेल्या वर्षी तीनदा फिरवलात," राणीसाहेब म्हणाल्या. "म्हणून तर आता योग्य जागा सापडली!" असं म्हणून महाराजांनी तो चौथ्यांदा फिरवला. ते जेवायलाही उठेनात. खरं सांगायचं तर मला त्यांचा हेवा वाटतो. आपल्या घराच्या भिंती नुसत्या पायाने सरकवायचं सुख कुणाला नको?

दुपार कलली. दिवाणजींचा आवाज बारीक झाला होता. "तानी, बेरीज पंधराशेवर गेली गं."

ते ऐकून महाराज भानावर आले. "अरे हो, चोर कुठे आहे?"

"सकाळधरनं हितंच हाय, म्हाराज."

पहारेकऱ्यांचे हात तलवारीवर गेले. "ओळखायचा कसा?" महाराजांनी विचारलं.

"घरफोड्या कदी दारातनं येतो व्हय? त्यो भिंत फोडूनच येतो. आज जो भिंतीतनं आला-गेला, त्याच्या पायाला फक्की असंल. समद्यांनी पाय दावा."

राणीसाहेबांचे पाय स्वच्छ होते. सेनापतींच्या पायांना नुसती माती होती. दिवाणजींनी आपले पाय दोनदा दाखवले. मग महाराजांनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरेफटक होते.

पहारेकऱ्यांनी तलवारीवरचे हात हळूच काढले.

"म्हणजे मी चोर?" महाराज कडाडले.

तानी मागे सरली नाही. "चोर म्हनायला दुसऱ्याचं न्यावं लागतं, म्हाराज. तुमी आपलंच नेलंय. त्याला काय म्हनायचं ते दरबारानं ठरवावं. पर त्या पायांपायी माझ्या बाचे पाय बेडीत हायती, येवढं मला कळतं."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, महाराज. पण ते सांगायची हिंमत पाचशे मोहरांच्या अंदाजात बसत नव्हती."

महाराज आपल्या पांढऱ्या पायांकडे बघून असे खदखदून हसले की बांधलेले घोडे बिचकले. "भिवाजीच्या बेड्या काढा! त्याची मजुरी दुप्पट द्या! आणि तानी, आता उरलेला महाल कितीत होईल ते सांग."

"पाडलेल्या इटा, दारं, वासे मागल्या आवारात तसंच पडल्यात. तेच लावू. शंभरात हुईल. पर काय फिरवायचं ते आज हितंच फिरवून घ्या. उद्या पयली ईट बसली का तुमी शिकारीला जायाचं."

"शिकारीला? आणि परत कधी यायचं?"

"बा चुन्याचा शेवटचा हात मारून शिडीवरनं उतरला, की सांगावा धाडते."

हसता हसता महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तानीच्या हातात घातलं आणि हुकूम सोडला, "दिवाणजी, आजपासून आमच्या सगळ्या बांधकामांवर हिचा शब्द शेवटचा. आणि आमचा घोडा आत्ताच सजवा. उद्यापर्यंत इथे थांबलो, तर माझा मलाच भरवसा नाही!"