हाकेला ओ

एका डोंगराच्या पायथ्याला एक जुनं कॉलेज होतं. त्या कॉलेजात लांबच्या खेड्यातून केतकी नावाची मुलगी शिकायला आली. तिचे वडील गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकायचे. कॉलेजची पायरी चढणारी घरातली ती पहिलीच. एसटीत बसताना ती वडिलांना म्हणाली, "आबा, मी पहिली येऊन दाखवीन."

आबा म्हणाले, "ये की. पण वेळेवर जेवत जा."

वसतिगृहात केतकीच्या खोलीत नसीम मुजावर नावाची मुलगी होती. नसीम बोलकी. कपडे धुतानाही मोठ्यानं गाणी म्हणायची. दोघींचं चांगलं जमलं.

मग पहिली चाचणी झाली. गावच्या शाळेत सगळ्यांच्या पुढे असणारी केतकी रसायनशास्त्रात जेमतेम काठावर पास झाली. वाघचौरे सरांनी पेपर देताना सांगितलं, "अडलं तर विचार. दुपारी मी माझ्या खोलीत असतो." पण केतकीला लाज वाटली. एवढं साधं विचारलं तर सर काय म्हणतील? ती गेलीच नाही.

नसीम म्हणाली, "चल गं, दोघी मिळून बसू."

"नको. तू बडबड करतेस. मला एकटीला वाचू दे," केतकी म्हणाली आणि पुस्तकं उचलून वाचनालयात गेली.

वाचनालयाचं दालन लांबलचक होतं. सगळ्यात शेवटी, कपाटांच्या मागे, एक टेबल होतं. कपाटांमधल्या वाटेतून तिथून थेट दार दिसायचं. भर दुपारीही तिथे संध्याकाळ झाल्यासारखा उजेड असायचा. त्या टेबलापाशी एक मुलगी वाचत बसली होती. दोन वेण्या, अंगावर जुन्या वळणाची पांढरी साडी. तिनं मान वर केली नाही. नुसतं म्हणाली, "बस इथे. इथे कोणाची हाक ऐकू येत नाही."

"तुझं नाव काय?" केतकीनं विचारलं.

"वसुधा. वाच आता."

केतकी वाचू लागली, आणि नवल झालं. जे डोक्यावरून जात होतं ते एका वाचनात पाठ होऊ लागलं. ना पंख्याची घरघर, ना बाहेरच्या मुलांचा गलका. उठली तेव्हा दालन रिकामं झालं होतं. जेवणाची घंटा होऊन गेली होती. ती तिला ऐकूच आली नव्हती.

दुसऱ्या चाचणीत केतकी वर्गात पहिली आली.

मग ती रोज त्या कोपऱ्यात जाऊ लागली. नसीमशी बोलणं कमी झालं, मग थांबलं. आबांचा फोन यायचा. फोनवर त्यांचं नाव दिसायचं. ती फोन कानाला लावायची, पण पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही. लाइन खराब असेल, असं म्हणून ती ठेवून द्यायची. पुढे पुढे तिनं उचलणंच सोडलं.

एक दिवस मेसमध्ये वाढणाऱ्या मावशी तिच्या ताटापाशी आल्या आणि न थांबता पुढे गेल्या. तिच्या डावीकडे वाढलं, उजवीकडे वाढलं, तिचं ताट कोरडंच राहिलं. वर्गात वाघचौरे सरांनी तिचं नाव घेतलं, समोर पाहिलं आणि गैरहजेरी मांडली. केतकी पहिल्याच बाकावर बसलेली होती. सकाळी वेणी घालताना तिनं आरशात पाहिलं. आरशावर कोणी श्वास सोडावा तसा तिचा चेहरा पुसट दिसत होता. तिनं ओढणीनं आरसा पुसला. आरसा स्वच्छ झाला. चेहरा तसाच राहिला.

केतकीनं आरशाकडे पाठ फिरवली. तिनं मनाला समजावलं, अभ्यास तर होतोय ना? वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय. तेवढी झाली की सगळं ठीक होईल.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, दुपारी, ती कोपऱ्यात वाचत होती. सहज मान वर गेली. दूर वाचनालयाच्या दारात नसीम उभी होती. चौकटीला घट्ट धरून. तिचे गाल आत गेले होते, डोळे तापानं लाल झाले होते. ती बरेच दिवस आजारी असावी. एकाच खोलीत राहूनही केतकीला त्याचा पत्ता नव्हता.

नसीमचे ओठ हलत होते. ती हाक मारत होती, पण आवाज काही येत नव्हता. तिची नजर टेबलाटेबलावरून फिरली, केतकीच्या खुर्चीवरून गेली आणि रिकामी खुर्ची पाहावी तशी पुढे सरकली.

केतकी उठू लागली. तिच्या मनगटावर एक हात पडला. ओल्या मातीसारखा गार.

"बस," वसुधा म्हणाली. "उद्या परीक्षा आहे. एवढं पान संपव आणि मग जा."

केतकीनं त्या हाताकडे पाहिलं आणि मग वसुधाच्या पुस्तकाकडे. इतक्या दिवसांत वसुधानं पान उलटलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"तू केव्हापासून हे पान वाचतेस?"

वसुधा हलक्या आवाजात म्हणाली, "माझी आई आली होती मला न्यायला. त्याच दारात उभी होती. मी म्हटलं, थांब, एवढं पान होऊ दे. मग वर पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. त्यानंतर मला कोणी हाक मारली नाही. म्हणून वाचतेच आहे. संपतच नाही गं."

केतकीनं चटकन दाराकडे पाहिलं. दारात नसीमनं कपाळ चौकटीला टेकलं होतं. आता ती वळून जाणार होती. केतकीनं तोंड उघडलं. ओ द्यायची होती, पण घशातून आवाज निघेना. मनगटावरची पकड आवळली. पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. मग तिनं सगळं बळ एकवटलं, हात हिसडून सोडवला, खुर्ची ढकलून दिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ओ! नसीम, मी इथे आहे, ओ!"

त्यासरशी सगळे आवाज एकदम आत घुसले. पंख्याची खडखड, कावळ्यांची काव काव, लांब मैदानावरच्या शिट्ट्या. आणि त्यात नसीमचा बारीक आवाज, "केतकी... अगं, मला उभं राहवत नाहीय."

केतकी धावली. नसीम कोसळायच्या आत तिनं तिला सावरलं. रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "आजच आणलंत ते बरं केलंत. उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं."

नसीमचा भाऊ गावाहून येईपर्यंत केतकी तिच्या उशाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पेपरला बसली, तर कोपऱ्यात पाठ केलेलं एक अक्षरही आठवेना. जे स्वतःला कळलं होतं तेवढंच तिनं लिहिलं, आणि ते फार थोडं होतं.

निकाल लागला. केतकी कशीबशी पास झाली होती. तिनं घरी फोन केला आणि रडत म्हणाली, "आबा, मी पहिली नाही आले."

पलीकडून आबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "तुझा आवाज आला, पोरी. किती दिवसांनी आला. जेवलीस का?"

नवीन वर्ष सुरू झालं त्याच आठवड्यात केतकी वाघचौरे सरांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. ती म्हणाली, "सर, मागच्या वर्षीचं मला मुळातूनच कळलेलं नाही."

सरांनी खुर्ची पुढे सरकवली. "मग मुळापासूनच सुरुवात करू. बस."

त्यानंतर केतकी नसीमबरोबर खोलीत मोठमोठ्यानं वाचू लागली. एकमेकींना शिकवताना दोघी भांडायच्या, चुकायच्या, हसायच्या. जेवणाची घंटा झाली की पुस्तक मिटून उठायच्या. संध्याकाळी केतकी मैदानावर खो-खो खेळायची. पाठांतराची ती जादू पुन्हा कधी झाली नाही. एकेक गोष्ट समजायला वेळ लागायचा, पण समजलेली गोष्ट मग विसरायची नाही. शेवटच्या वर्षी ती कॉलेजात दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलीला पेढा भरवायला तीच सगळ्यांत पुढे होती.

गावी परतण्याआधी ती नसीमला घेऊन वाचनालयात गेली. कपाटांच्या मागे तोच संध्याकाळचा उजेड होता. नसीमला तिथे नुसतं टेबल दिसलं. केतकीला मात्र वसुधा दिसली. तशीच बसलेली, तशीच मान खाली.

केतकी तिच्याजवळ गेली नाही. दाराशीच उभी राहिली आणि मोठ्यानं हाक मारली, "वसुधा! ए वसुधा! चल, आम्ही तुला न्यायला आलोय!"

वसुधानं मान वर केली. तिचा चेहरा केतकीनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. तो अगदी कोवळा होता, जेमतेम केतकीएवढ्याच वयाचा. तिचे ओठ गोल झाले, ओ देताना होतात तसे. केतकी नसीमचा हात धरून वाट पाहत राहिली.

वसुधाचं बोट पुस्तकातल्या ओळीवर होतं. ते तिनं उचललं नाही. ओठ हळूहळू मिटले, आणि मान पुन्हा खाली गेली.

तात्पर्य: अभ्यास करावा, पण आपल्या माणसांकडे पाठ फिरवून करू नये. अडलं की जो मोकळेपणानं विचारतो आणि हाक आली की जो उठतो, त्याचीच विद्या त्याच्या उपयोगी पडते.