चंदनी हत्ती आणि कच्चं लिंबू

एका राज्यात झाडं सल्ला देत, विहिरी गात आणि राजा चित्रध्वज सुखाने नांदत असे. एकदा एका मेलेल्या जादूगाराच्या गुहेतून त्याने मुलांसाठी चंदनाचा हत्ती आणला. हत्ती चाकांवर चाले, कान हलवी, सोंडेतून गुलाबपाणी उडवी. अंबारीत एक बोलकी मैना बसलेली.

हत्ती अंगणात ठेवताच राजपुत्र इंद्रनीलने सोंड धरली, राजकन्या शशिकलेने शेपूट.

"सोड! मी आधी बघितला!"

"बघितलास तू, हात मी आधी लावला!"

झालं! दोघांचे हात हत्तीला चिकटले आणि पावलं लाकडाची झाली.

मैना म्हणाली, "राजा, हा शाप आहे. मनातून 'माझा' गेल्याशिवाय हात सुटणार नाहीत. मोठ्यांनी उपाय तीनच करावेत. फसला की लाकूड वर चढेल. डोक्यापर्यंत चढलं, की मुलं गेली."

राणीला रडू फुटलं.

पहिला उपाय राजजादूगाराचा. त्याने चुटकीसरशी हुबेहूब दुसरा हत्ती उभा केला.

"तो नको, हाच हवा!" दोघंही ओरडली. लाकूड गुडघ्यांपर्यंत चढलं. अहो, पेठेत बसणाऱ्या कुणालाही विचारायचं! शेजारणीने उचललेलंच लुगडं गिऱ्हाइकाला हवं असतं. तसंच दुसरं दाखवा, नाक मुरडेल.

दुसरा उपाय प्रधानाचा. त्याने घटिकापात्र मांडलं. "एक घटका दादाची, एक ताईची."

"पहिली कुणाची?"

लाकूड कमरेपर्यंत.

तिसरा उपाय राजाचा. पण त्याचा संयम सुटला. हत्तीच्या पाठीवर थाप मारून तो गरजला, "मग हा हत्ती माझाच!" लाकूड मुलांच्या गळ्यापर्यंत चढलं आणि राजाचा पंजाही तिथेच चिकटला.

"आता तिघं झाली," मैना म्हणाली.

इतक्यात धाकटी बकुळा दुडुदुडु आली. अडीच वर्षांची. दादाच्या गुडघ्यावर तिने टकटक केलं, खुदकन हसली आणि हत्तीकडे बोट दाखवून म्हणाली, "मी बशू?" आणि तिने दोन्ही हात वर केले.

आता मुलांचा एक कायदा आहे. खेळ कुठलाही असो, सगळ्यांत लहान ते कच्चं लिंबू. त्याच्यावर डाव येत नाही, पण त्याला खेळाबाहेरही ठेवत नाहीत.

"बसू दे गं तिला," इंद्रनील म्हणाला. "कच्चं लिंबू आहे ती."

"मी कुठे नाही म्हणते? पण पडेल ना! मी मागून धरते."

"मी ओढतो. बकू, घट्ट बस हं!"

राणीने बकुळेला वर बसवलं. एकाने ओढलं, दुसरीने ढकललं, हत्ती चालू लागला. कुणाचे हात कधी सुटले, लाकूड कधी उतरलं, मुलांना कळलंही नाही. राजा मात्र पंजा चिकटलेला, हत्तीमागे फरफटत चालला.

"राजा, तुझ्या मनात अजून 'माझा' आहे वाटतं?" मैनेने विचारलं.

"बरं बाई, मुलांचा! मुलांचाच!" हात सुटला. शाप संपला. मैना आकाशात उडाली.

तोच इंद्रनील म्हणाला, "आता मी बसणार."

"वा रे वा! मी!"

राणी धावली. राजाने तिला अडवलं. "राणीसाहेब, चला. आपण जरा लांब बसू."

दोघं कान देऊन लांब बसली. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग कुजबूज, मग चाकांचा खडखडाट. त्यांचं अंगण जसं गजबजलं, तसं तुमचंही गजबजो.